पाटीवरचं आडनाव

मंगळवार, ता. १४

प्रिय ठकू,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कुणालाही काहीही झालेलं नाही, सगळे धडधाकट आहोत. तुम्हीही असाल असं धरून चालतो. विचारायला चार वर्षं उशीर झाला, हे मला कळतं.

तुझ्या वहिनीचा गुडघा आता बरा आहे. जिभेला कधीच काही झालं नव्हतं. दुकान चिरंजीव बघतो. सकाळी मी जाऊन स्टुलावर बसतो. तासाभराने तो म्हणतो, "बाबा, घरी जाऊन आराम करा." घरी आलो की वहिनी म्हणते, "अहो, दुकानात जाऊन बसा ना." एकूण माझं चालणं भरपूर होतं.

पुढच्या महिन्यात दुकानाला शंभर वर्षं होतात. त्यानिमित्त घराण्याचा इतिहास छापायचा आणि नवा वंशवृक्ष भिंतीवर लावायचा, असं मी ठरवलं. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच पानावर 'चष्मेवाले' हे आडनाव कुठून आलं ते हवं होतं. आजोबांची गोष्ट तुला पाठ आहेच: पणजोबा बोटीने इथे उतरले ते चष्म्याचे नामी कारागीर म्हणून. एका बड्या साहेबाच्या बायकोला त्यांनी चष्मा करून दिला, तिला लग्नानंतर प्रथमच नवऱ्याचं तोंड स्वच्छ दिसलं, आणि ती पुढच्या बोटीने माहेरी निघून गेली. साहेब खवळला, म्हणून पणजोबा चष्मे सोडून कुलपांकडे वळले. मी ही गोष्ट निदान पाचशे गिऱ्हाइकांना ऐकवली आहे. किल्ली तयार होईपर्यंत त्यांना पळता येत नाही.

तर पुराव्यासाठी दप्तरखान्यात गेलो. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुणाची जमीन लाटायची आहे?"

"जमीन नको. पूर्वज शोधतोय."

"मग बसा. जमिनीवाल्यांना घाई असते."

सहा आठवडे बसलो. बोटींच्या याद्या पालथ्या घातल्या, चष्मेवाले आडनावाचा एकही माणूस उतरलेला नाही. शेवटी बाईंनीच दुकानाचं खरेदीखत काढून दिलं. त्यात चष्मेवाले आहेत, पण विकणारे! ते दुकान विकून दुसऱ्या बंदराला गेले. घेणारा कोण, तर 'बोटीने नुकताच आलेला एक कुलूपवाला', पुढे अंगठा. आणि घेतलेल्या वस्तूंत दोन कपाटं, एक शिडी आणि 'रंगवलेली पाटी, सुस्थितीत'.

ठकू, आपल्या घरात सुस्थितीतली वस्तू कुणी कधी काढून टाकली आहे का? पणजोबांनी पाटी तशीच ठेवली. वर्षभराने परवान्याचा निरीक्षक आला, त्याने मान वर करून पाटी वाचली आणि तेच आडनाव वहीत लिहिलं. झालो आपण चष्मेवाले.

आता पुढचं ऐक. पणजोबांनी आडनाव दुरुस्तीचा अर्ज कुणाकडून तरी लिहून घेतला होता. तो मिळाला. मी इतका मोठ्याने ओरडलो की बाईंनी मला पाणी दिलं. 'अर्जदाराचे खरे नाव' या रकान्यात काय असावं? 'समक्ष सांगेन.' खाली कचेरीचे तीन शेरे. 'अर्जदार गैरहजर.' 'अर्जदार गैरहजर.' तिसऱ्या वेळी शिपाई दुकानात पाठवला: 'गिऱ्हाईक आहे, उद्या येतो म्हणाले.' मग फाईल बंद.

एक दिवस दुकान बंद ठेवायला नको म्हणून या माणसाने आपलं आडनाव सोडलं. पुढच्या चार पिढ्यांचंही. ते आता कुणालाच माहीत नाही.

इथवर लिहून झाल्यावर वहिनीने वाचायला घेतलं. म्हणाली, "पणजोबांचं सगळं आलं. तुमचं कुठाय?"

"भेटल्यावर बोलेन म्हणतो."

"समक्ष सांगणार? वा! मग एक अर्जही करून ठेवा."

म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी तू लेकीला दत्तक घेऊन पहिल्यांदा इथे आणलंस. मागच्या खोलीत वंशवृक्ष टांगलेला होता. त्यात आत्याची नातवंडं होती, अकरा महिने टिकलेला तिचा जावईही होता. तू विचारलंस, "दादा, हिचं नाव कधी घालतोस?" मी म्हणालो, वंशवृक्षात रक्ताचीच माणसं येतात. तू बोट दाखवलंस, "आणि तो कुत्रा?"

पेंटरने झाडाखाली हौसेने कुत्रा काढला होता. मी म्हणालो, "तो शोभेसाठी आहे."

हे मी बोललो. तेव्हा मला ते बिनतोड वाटलं होतं. तुझी लेक त्याच वेळी त्या कुत्र्याचं नाव काय म्हणून मला विचारत होती, मी उत्तर दिलं नाही. चहाचा कप तसाच ठेवून तू तिला बूट घातलेस. एका बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायलाही थांबली नाहीस.

हा अर्ज सापडला नसता तर मी लिहिलं असतं का? माहीत नाही, आणि त्याचीच जास्त लाज वाटते. पणजोबा चष्मेवाले निघाले असते तरी ती तुझी मुलगी होतीच. माझी भाची होतीच. ते कळायला मला दप्तरखाना लागला. चूक माझी आहे. माफ कर.

छापखानेवाला शुक्रवारी वंशवृक्ष छापायला घेणार आहे. भाचीचं नाव तिला हवं तसं लिहून पाठव, आडनाव तिला आवडेल ते. आपल्यात आता कुणी कुणाला अडवण्याच्या स्थितीत नाही. उत्तर आलं नाही तर मी छापखाना थांबवीन. शंभरच्या जागी एकशे एक वर्षांचा समारंभ करू. तिच्या नावाशिवाय मात्र ते झाड भिंतीवर चढणार नाही. आणि तुम्ही दोघी याल का, एवढं कळव. येणार नसलीस तर तसंही कळव. मी दुकानाला कुलूप लावून तुमच्याकडे येतो. चिरंजीवाला सांगून ठेवलं आहे. तो अजून माझ्याकडे टक लावून बघतो आहे.

आडनावाचं काही खरं राहिलं नाही, म्हणून खाली जेवढं नक्की आहे तेवढंच लिहितो.

तुझा
दादा