डोर्नलोहेचे सात राखणदार

३ ऑक्टोबर १९७७, सोमवार

पोचले एकदाची. बसमधून उतरले तेव्हा ऊन होतं आणि घरमालकीण वाल्बुर्गा डाइनलाइन फाटकातच उभी होती. साठीची, बुटकी, हाताला पीठ लागलेलं. माझी पेटी तिनंच उचलली. गावाच्या टोकाचं घर, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि खिडकीतून दोन तळी दिसतात. छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदाच स्वतःची चूल मिळाली. आलुबुखाऱ्याचा केक इतका खाल्ला की रात्रीचं जेवण नको झालं.

काम सोपं आहे. येत्या मे महिन्यात डोर्नलोहेची ग्रामसभा मोडून गाव शेजारच्या उल्मेनबाखला जोडायचं ठरलं आहे. त्याआधी जिल्हा कचेरीला गावाची पुस्तिका हवी आहे: भूगोल, इतिहास, पाहण्यासारखी ठिकाणं. वस्ती दोनशे शहाऐंशी. तिन्ही बाजूंनी वालुकाश्माच्या टेकड्या, मध्ये ओढा, ओढ्यावर कार्प माशांची तळी. टेकाडावर तटबंदीचं चर्च, चौकात चारशे वर्षांचं लिंडेनचं झाड. महिन्याभरात उरकेल.

५ ऑक्टोबर

सरपंच हेफनर यांना भेटले. दारातच उभं ठेवलं. म्हणाले, शवपेटीसाठी मेलेल्याचं माप घ्यायला सुतार येतो तशा आलात तुम्ही. फरक इतकाच की आम्ही अजून मेलेलो नाही. मी हसले. ते हसले नाहीत.

पाववालीने माझ्यामागून आलेल्या तिघांना आधी पाव दिला. चौथी आली तेव्हा मीच पुढे सरकले. ती म्हणाली, घाई कसली बाई, तुमची कचेरी काय आज गिळणार आहे आम्हाला?

चर्चचा तट मात्र देखणा आहे. युद्धाच्या दिवसांत अख्खं गाव गुराढोरांसकट आत राहत असे. भिंतीला कोठारं टेकवून बांधली आहेत, प्रत्येक घराचं एक. बाहेरच्याला एकही नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये पहिल्या बाकावर सात म्हातारे बसले होते. त्यांच्यासाठीच ठेवलेला बाक. परत येताना वाल्बुर्गाने सांगितलं की हे हद्दीचे राखणदार. सातच असतात. एक मेला की उरलेले सहा नवा निवडतात, तो शपथ घेतो ती मरेपर्यंत. गावाच्या हद्दीवर एकशे एकोणीस दगड आहेत आणि प्रत्येकाखाली या सातांनी काहीतरी खूण पुरली आहे. कुणी दगड हलवला तर खुणेवरून त्यांना कळतं. खूण कसली, ते दुसरं कुणी जाणत नाही. तिचा नवराही त्यांतला होता. शेवटच्या दुखण्यात तापात सगळं बरळला, पण ते मात्र नाही.

मी म्हटलं, पुस्तिकेत यासारखं दुसरं काय असणार? ती म्हणाली, तळ्यांचं लिही ना पोरी, तळी चांगली आहेत.

१२ ऑक्टोबर

सातांचा म्होरक्या ओटमार श्पेर्ल. तळ्याच्या काठावर जाळं विणत बसला होता. खुणेबद्दल विचारलं तर वर न बघता त्याने उलट मलाच विचारलं, तुम्ही कुठल्या? मी सांगितलं, सायलेशिया. महायुद्धानंतर, मी पाच वर्षांची असताना, आमचं गाव दुसऱ्या देशात गेलं, आम्हाला हातगाडीवर बाहेर काढलं. तो म्हणाला, म्हणजे ज्यांना स्वतःची हद्द राखता आली नाही, ते आमची मोजायला आले.

घरी येईपर्यंत आईचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. कुणाच्या कसल्या शपथा. आता ते मी बघणारच.

१४ ऑक्टोबर

बघितलं. भर दुपारी, पण धुकं दाट होतं. उल्मेनबाखच्या बाजूला एक दगड आधीच कलला होता. बागेतल्या खुरप्याने त्याच्या बुडाशी उकरलं. कोपरापर्यंत हात घातला तेव्हा लागलं: भाजलेल्या मातीचं, अंगठ्याएवढं, त्रिकोणी. त्यावर नखाने ओढलेल्या सात रेघा. एवढंच. शाळेतली पोरंही करतील असं. फोटो काढण्यापुरतं घरी आणलं आहे. उद्या परत ठेवीन.

१५ ऑक्टोबर

फोटो काढून खूण परत ठेवायला गेले तर दगड नाही. खड्डाही नाही. गवत सपाट, दव पडलेलं, जणू तिथे कधी काही नव्हतंच. दोन तास शोधलं. जागा चुकले असेन.

१६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी खिडकी उघडली. आमच्या सफरचंदांच्या बागेच्या कडेला दगड उभा आहे. तोच, कललेला, वरचा कोपरा तुटलेला. ओढल्याची, गाडीची, कसलीच खूण नाही.

वाल्बुर्गाला दाखवला. तिने दगडाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. विचारलं, काय केलंस? मी खरं सांगितलं. ती खाली बसली. मग म्हणाली, दगड खुणेमागे येतो.

दुपारपर्यंत तिने अंथरूण, भांडी, कोंबड्या, सगळं बहिणीच्या घरी नेलं. मी विचारलं, स्वतःचं घर सोडून जाता? तर म्हणाली, हे आता गावात नाही.

१८ ऑक्टोबर

पाववालीने पाव दिला नाही. म्हणाली, आम्ही गावापुरताच भाजतो. टपालवाला फाटकावरून सरळ पुढे गेला. सरपंचांकडे गेले तर या वेळी आवाज अगदी मऊ. म्हणाले, क्लाम्टबाई, तुमचं घर शनिवारपासून हद्दीबाहेर आहे. मी डोर्नलोहेचा सरपंच, बाहेरच्या तक्रारी कशा ऐकू? फोन करू द्या म्हटलं. तर म्हणाले, फोन गावाचा आहे.

लिंडेनखाली बायका उभ्या होत्या. मी जवळून गेले तरी त्यांचं बोलणं थांबलं नाही. आधी निदान थांबायचं.

२० ऑक्टोबर

आता दगड चार झाले आहेत. बागेच्या चारी कोपऱ्यांना.

खूण परत द्यायला ओटमारकडे गेले. त्याने दोन्ही हात खिशात घातले. मी माफी मागितली, रडलेही. तो म्हणाला की हाताने उपटलेली खूण हाताने बसत नाही. हद्द कुठेतरी बंद व्हावी लागते. ती तुमच्याभोवती होईल. यात त्याला आनंद वाटत होता असं नाही. तेच जास्त वाईट.

२२ ऑक्टोबर

पेटी घेऊन बसथांब्यावर गेले. ड्रायव्हरने दार उघडलं, विचारलं, तिकीट कुठून? म्हटलं, डोर्नलोहे. तो म्हणाला, डोर्नलोहे चर्चपाशी संपतं. तुम्ही उभ्या आहात ती जागा कुणाचीच नाही, तिथून तिकीट कसं फाडू? मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. दार बंद झालं.

२३ ऑक्टोबर, रविवार

पायी निघाले. उल्मेनबाखच्या हद्दीवर सात म्हातारे उभे होते, कुदळी घेऊन. त्यांचे सात. टोप्या काढून मला नमस्कार केला. एक जण म्हणाला, बाई, आमच्याकडे घेता येत नाही; तिकडून काढलेलं आम्ही घेत नाही, ते आमचं घेत नाहीत, चारशे वर्षांचा शब्द आहे.

जंगलाच्या वाटेने वळले. तिथेही उभे. तेच सात. तळ्याच्या बाजूलाही.

२५ ऑक्टोबर

दगड अंगणात आहेत. दारापासून सहा पावलं.

भर सकाळी दोन दगडांमधून बाहेर पडले. तासभर चालले, घड्याळ लावून. टेकडी तेवढीच दूर, चर्च तेवढंच दूर. मागे वळले तर अंगण हाताच्या अंतरावर. तीन पावलांत घरात.

तळघरात बटाटे आहेत. सफरचंदं आहेत.

२७ ऑक्टोबर

खूण लांब भिरकावली, तळ्याच्या दिशेने. पाण्याचा आवाज आला. नक्की आला.

दुपारी स्वयंपाकघरात दगड. चुलीजवळ. फरशी न फुटता फरशीतून वर आलेला, जणू घर त्याच्याभोवती बांधलं. खूण माझ्या एप्रनच्या खिशात. ओली.

तळघराचं दार आता त्याच्या पलीकडे.

२८ ऑक्टोबर

वर राहते. दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. उंबरठ्यावर दगड आहे. पलीकडे टेबल दिसतं, पाण्याने भरलेला जग दिसतो. हात लांबवला. पुरत नाही. काठीही पुरत नाही. टेबल चार हातांवर आहे.

खिडकीतून सगळं दिसतं. पोरं शाळेत जातात. तळी उपसायला घेतली आहेत, मासे टोपल्यांत उड्या मारताहेत. मी हाका मारल्या. एका बाईने वर पाहिलं, मग आकाशाकडे, जसं पाऊस येतोय का बघावं.

३० ऑक्टोबर

पलंग आणि खुर्ची. एवढंच आत. काल कपाट होतं —

दगड सरकताना कधी दिसत नाहीत. पापणी मिटते तेवढ्यात. न मिटता बसले, मोजत — दोनशेपर्यंत — डोळ्यांतून पाणी —

खुर्ची गेली.

३१ ऑक्टोबर

सकाळ. जिन्यावर पावलं. पुष्कळ. जड काहीतरी आणताहेत, पायरीगणिक टेकवून. ओटमार मोजतोय.

तीन दगड पलंगाला लागून. चौथा कोपरा मोकळा. दाराकडचा. तिथून उतरता येईल, आत्ता, ते पोचायच्या आत —

पाय खाली सोडला. जमीन लागत नाही.

आत आले. सातही. काळे कोट. दोघांनी दोरी धरून मापलं, लांबी, रुंदी. एकमेकांत बोलताहेत, धान्याचं, कुणाच्या तरी लग्नाचं. मी म्हटलं, माझं नाव इर्मेला क्लाम्ट. दोनदा म्हटलं. ओटमारने मान हलवली. माहीत आहे, म्हणाला.

दगड चौघांनी धरलाय. एक बाजू त्यांच्यामागून आलेल्या वाल्बुर्गाने. तिला दम लागलाय, केसांना पीठ आहे. ती तरी काही — मी तिचा हात धरला. गरम होता. तिने सोडवून घेतला, हळूच, आणि म्हणाली, पाय जरा आत घे, पोरी.

घेतले. ती म्हणते अजून थोडे. घेतले. गुडघे छातीशी, वही गुडघ्यांवर, अजून म्हणते, अजून जरा —