पानथरी, आणि तुमचं 'पुन्हा'

गुरुजी, मला एडक्यानं धडक दिली. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, तेव्हा तोंडात कविता कुठली होती? होतीच. तुम्ही चौथीत पाठ करून घेतलेली ती नदीची कविता गुणगुणत, डोळे अर्धे मिटून, पेडगावच्या आमच्या गल्लीतून शेजाऱ्याच्या मेंढरांमागं चाललो होतो. एडक्याला माझी चाल आवडली नसावी. डाव्या बरगड्यांखाली असा बसला की मी उजव्या कुशीवर मातीत. शेजारी धावत आला अन् मला उठवायच्या आधी एडक्यालाच म्हणाला, "आरं, मास्तरासारखा माणूस हाय त्यो!" मी मास्तर कधीच नव्हतो, तरी धुळीत पडल्या पडल्या लय बरं वाटलं.

अंगावर ओरखडा नव्हता, पोट मात्र दुखायलं. आमच्या घरात अशा दुखण्याचं निदान एकच, बेंबी सरकली. बायको तेलाची वाटी घेऊन, पदर खोचून चोळायला बसली, तेवढ्यात सून आली. "मामा, तेल ऱ्हाऊ द्या. मार लागलेलं पोट चोळत नसतेत. चला परभणीला." बायको फणकारली, "तुझ्या मामाचं पोट मी तुझ्या जल्माआधीपासून चोळायलेय!" तरी गेलो. जाताना तिनं धपाट्यांचा डबा घेतलाच.

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. हलक्या हातानं पोट दाबत होती, पण डोळे माझ्या तोंडावर. कविता म्हणवून घेताना तुम्हीही पुस्तकात न बघता आमच्या तोंडाकडं बघायचात. सोनोग्राफी झाली, काही दिसलं नाही. मी चपला शोधायला लागलो. "बाबा, झोपा. आत रक्त हळूहळू साचत असेल तर पहिल्यांदा दिसत नाही. मी पुन्हा बघणार. तोवर खायचं नाही, प्यायचं नाही." बायकोनं डबा छातीशी धरला. "एकदा बघितलं न्हवं? मग?"

आणि मी चौथीच्या वर्गात जाऊन बसलो. कविता एकदा वाचून झालीय, मी हात वर करतो, समजली गुरुजी. तुम्ही टेबलावर बोटं आपटता. "एकदा वाचून? कविता काय उसाचं कांडकं हाय, चावलं अन् थुंकलं? पुन्हा." पुन्हा वाचतो. तुम्ही म्हणता, पुन्हा. मग कुठं माझ्या ध्यानात येतं की कवितेतली नदी आटलेली आहे, अन् पोरगं कोरड्या वाळूलाच पाणी म्हणतंय. तुम्ही खिशातला पेरू काढून माझ्या हातावर ठेवता.

डॉक्टरीण परत आली, परत दाबलं. "आणखी कुठं दुखतं?" म्हटलं, पोटाचं काही नाही, हा डावा खांदा तेवढा आडवं झालं की ठणकायलाय. तिचा हात थांबला. "खांद्यावर पडलात?" "न्हाई, पडलो तर उजवीकडं." तिनं तिथंच सोनोग्राफी पुन्हा केली. आता पोटात रक्त होतं. सिटीस्कॅनमध्ये कळलं, बरगडीआडची पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटलीय, तिचं दुखणं खांद्यात बोलत होतं. पानथरी! एवढा गोड शब्द माझ्या पोटात असून मला ठाऊक नव्हता. बायकोनं डबा खाली ठेवला. "ह्ये वाचतेल न्हवं?" "रक्त आपोआप थांबलं तर ऑपरेशनही लागणार नाही. वाढलं तर लगेच न्यावं लागेल." मग हलायचं नाही, बोलायचंही कमी. ती यायची, नाडी, रक्तदाब, पोट. "पुन्हा आलात?" "पुन्हा."

थांबलं, गुरुजी. घरी आलो. धपाटे खाल्ले. शेजारी खरवस घेऊन माफी मागायला आला तेव्हा एडका दारात उभा, मान ताठ. तेलाची वाटी बायकोनं आता फक्त गुडघ्यांसाठी ठेवलीय.

गावात मी सांगत फिरतो की त्या मशीनमध्ये पडून मी नदीची कविता अख्खी म्हटली. लोक माना डोलावतात. म्हणून हे पत्र कुणाच्या हाती लागू देणार नाही. खरं म्हणजे तेव्हा मी लय भ्यालो होतो, अन् कवितेची एक ओळ आठवली नाही. नुसती टेबलावर तुमची बोटं वाजत होती.