पुण्याची परीक्षा, कुंभकोणचं कॉलेज

कुंभकोणम्, ६ फेब्रुवारी १९५५

चि. जानकीराम यास विशालाक्षीअक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही मायलेकी खुशाल. आईचा गुडघा दुखतो, पण जीभ ठणठणीत आहे. तू सचिवालयात कारकून, म्हणून विचारते. परराज्यातल्या परीक्षाही इथल्या कॉलेजप्रवेशाला चालाव्यात, असं विधेयक विधानसभेत आलंय म्हणे. त्यात पुण्याची महिलांची प्रवेशपरीक्षा आहे का? आपल्यातलीच एक मुलगी ती पास झालीय. ही आमची परीक्षा नव्हे, असं म्हणून इथल्या कॉलेजनं तिला परत पाठवलं. तिला वनस्पतिशास्त्र शिकायचंय. एका वाफ्यातली नागवेल मुळाशी कुजते आणि शेजारची तरारते, हे असं का, या प्रश्नानं तिला पछाडलंय.

जेवणाची हयगय करू नकोस. उत्तराकडे डोळे लागलेत.

अक्का

मद्रास, २० फेब्रुवारी १९५५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

यादीत ती परीक्षा नाही. पण एवढ्यात हात टेकू नकोस. विधेयक तपासणाऱ्या समितीतले एक आमदार आमच्या लॉजजवळच राहतात. तीनदा त्यांच्या दारी गेलो. पंधरा मार्चच्या आत मुलीचं प्रमाणपत्र आणलंस तर समितीपुढे ठेवतो, म्हणाले.

आता खरं सांग. आपल्या तंजावरी मराठ्यांची घरं ती किती, आणि माझी थोरली बहीण उगाच एका मुलीची एवढी चौकशी करील होय? गोत्र कोणतं? माझ्या खोलीतला रंगा तर मला नवं धोतर घे म्हणतो. शिकलेली मुलगी मला चालेल. खरं म्हणजे आवडेल. आईला इतक्यात सांगू नकोस.

माया आहे, ती अशीच राहू दे.

तुझा जानकीराम

कुंभकोणम्, २ मार्च १९५५

चि. जानकीराम यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आवरेना, मग रडूच आलं. प्रमाणपत्र सोबत आहे. त्यावरचं नाव वाच आणि रागावू नकोस. जन्माचं गोत्र विचारशील तर तुझंच.

तुझे भावोजी गेल्यावर मामींच्या बाळंतपणासाठी मी दीड वर्ष पुण्याला होते. तेव्हा मामींनीच मला परीक्षेला बसवलं. बत्तिसाव्या वर्षी विधवा बहीण कॉलेजात जाते म्हटल्यावर तू काय म्हणशील, याची मला भीती वाटली. माझ्यासाठी म्हणून सांगितलं असतं, तर तू एकदा तरी त्या दारी गेला असतास का?

नको वाटलं तर कागद परत पाठव. मी पुन्हा विषय काढणार नाही.

तुझी अक्का

मद्रास, २९ एप्रिल १९५५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

रागावलो होतो. दोन दिवस कागद ट्रंकेत टाकून ठेवला. रंगानं चिडवून जीव नकोसा केला. मग तुझे गुण पाहिले. गणितात माझ्याहून एकवीस जास्त! तुझ्या प्रश्नाचं उत्तरही मला ठाऊक होतं. तुझ्यासाठी मी एकदासुद्धा गेलो नसतो. याची मला फार लाज वाटली.

तेरा मार्चला चौथ्यांदा त्या दारी गेलो. आमदारांनी विद्यार्थिनी नात्यानं कोण, असं विचारलं. माझी बहीण, म्हणून सांगितलं. काल कायदा मंजूर झाला. यादीत पुण्याची परीक्षा आहे, शेवटून दुसरी. अर्जावर पालकाची सही लागली तर लगेच धाड, सही करून उलटटपाली पाठवतो.

धाकट्यावर लोभ ठेव, चुकला तरी.

तुझा जानकीराम

ता. क. आईला वेगळं पत्र टाकलंय. मुलगी पसंत आहे, जूनपासून कॉलेजात जाईल, असं कळवलंय.