ओला धागा

आबा,

तुम्हाला जाऊन आता चौदा वर्षं झाली. या आखाजीच्या सणाला माहेरी गेले, तेव्हा आईने पेटी आवरायला काढली आणि तुमचा फिकट निळा सदरा निघाला. त्या सदऱ्याबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले होते. ते सांगायचंच आहे, पण आधी माझ्या कामाचं सांगते, कारण ते तुम्ही कधी धड ऐकून घेतलं नाहीत.

नवापूरच्या पुढे, राज्याच्या हद्दीपलीकडच्या कारखान्यात मी नुकती लागले होते. तुम्ही ओट्यावर कापसाच्या ढिगाशी बसला आहात, चिमटीत रुई ओढून तंतूची लांबी बघताय. मी सांगते, आमच्याकडे लाकडाच्या लगद्यापासून धागा होतो. तुम्ही मान वर न करता म्हणता, "लाकूडना धागा? त्याले काय धागा म्हनतस, माय?" मला असा राग आला! शहाद्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकायला तुम्हीच पाठवलंत, भावकीची बोलणी खाऊन पाठवलंत, आणि शिकून जे हाती आलं त्याला धागा म्हणायला तुम्ही तयार नाही. मला दुसरं काही नको होतं. तुम्ही त्याला धागा म्हणावं, एवढंच.

मग मी हट्टाने सगळं समजावत बसले. लगद्याचे टीपकागदासारखे जाड ताव असतात. ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवायचे, पिळायचे, भुगा करायचा. त्याला कार्बन डायसल्फाइड दिलं की भुगा नारिंगी होतो आणि पातळ कॉस्टिकमध्ये विरघळतो. वास असा, की पहिल्या महिन्यात माझं जेवण सुटलं होतं. त्याचा मधासारखा दाट रस होतो. तो काही तास मुरू द्यायचा, गाळायचा आणि आतली हवा ओढून काढायची, कारण एक बुडबुडा राहिला तरी तार तुटते. मग तो रस टोपणाएवढ्या चकतीतून पंपाने दाबायचा. चकतीला केसासारखी बारीक हजारो भोकं, आणि ती आम्लाच्या हौदात बुडलेली. रस भोकातून बाहेर आला की आम्लात तिथल्या तिथे गोठून त्याची तार होते. ओली असतानाच ताणली की तिच्यात जोर येतो. मग धुवायची, वाळवायची. काही जातींच्या धाग्यांना तर हौदही लागत नाही, गरम हवेतच द्रावक उडून जातं. एवढं ऐकून तुम्ही हसलात. "मंग हाई त कुरडईच शे! चीक शिजाडा, सोऱ्यामा दाबा, उनमा वाळाडा." आतून आईही हसली. मला मात्र रडू आलं. खरं तर तुमचं बरोबर होतं. नव्या मुलींना शिकवताना मी आज कुरडईच सांगते.

मी निघताना तुम्ही पहिल्या वेचणीचा कापूस फडक्यात बांधून दिलात. "तुन्हा कारखानामा याना कपडा करी आन." आता काय बोलावं! तुम्हाला वाटलं, धाग्याचा कारखाना म्हणजे तिथे आपला कापूसही चालणार. आमच्याकडे कापूस कातत नाहीत हे सांगायला तोंड उघडलं, पण पुन्हा तोच वाद नको म्हणून गप्प बसले. तुमच्या कापसाची मी उशी भरली. दिवाळीला सुरतेहून आमच्या धाग्याचं कापड घेतलं आणि सदरा शिवून आणला. "आपला वावरना कापूसना शे ना?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हणाले. तुम्ही त्यावर हात फिरवून "मऊ शे" म्हणालात, आणि पुढे प्रत्येक लग्नाला तोच सदरा. तुम्ही गावभर आपल्या कापसाची बढाई मारत हिंडताय, असं मी धरून चालले. कुणी जाणत्याने कापड हातात घेतलं तर काय, या धास्तीने मी तुमच्याबरोबर लग्नांना जाणंच टाळू लागले.

माझं प्रयोगशाळेतलं रोजचं काम म्हणजे धागे तोडणं. आधी कोरडा ओढायचा, मग ओला करून ओढायचा, आणि दोन्हींचा जोर लिहायचा. आमचा धागा ओला झाला की त्याचा निम्मा जोर जातो. कापूस ओला झाला की उलट बळकट होतो. हे मी यंत्रावर शिकले. तुम्हाला ते लहानपणापासून ठाऊक असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सदरा मांडीवर घेऊन मी आईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "त्यास्ले त्याच दिवशी समजनं." दिवाळीच्या दुपारीच तुम्ही आतल्या शिवणीतून कापडाचा एक दोरा काढलात, कोरडा ओढून पाहिलात, मग जिभेला लावून ओढलात. तो तुटला. "पोरले काही सांगू नको," एवढंच तुम्ही आईला म्हणालात.

"मग आबा लग्नात लोकांना काय सांगायचे?" मी विचारलं.

"काय सांगतीन? 'हाऊ धागा मन्ही पोरना हातना शे.' दुसरं काय?"

आई घड्या घालत होती.

हे सगळं प्रयोगशाळेच्या एका भरत आलेल्या वहीत लिहिते आहे, आणि ते तिथेच राहील. आई म्हणते, मी तुमचं मन राखायला खोटं बोलले. तसं नाही, आबा. माझ्याच धाग्याची मला लाज वाटली होती.