आईचा श्वास मोजणाऱ्या पट्टीबाबत

प्रति,
मा. अनुदान अधिकारी,
लघु जैववैद्यकीय उद्योग संशोधन अनुदान कक्ष

विषय: आमच्या उद्योगाचे अनुदान रद्द करून नवजात कक्षातील चाचणी आजच थांबवण्याबाबत.
संदर्भ: चाचणी समाधानकारक असल्याचे कळवणारे आपले अभिनंदनपत्र.

महोदय,

आपल्या अनुदानातून आम्ही कमी वजनाच्या बाळांसाठी श्वास मोजणारी पट्टी तयार केली. ती बाळाच्या पोटावर चिकटवतात. श्वास चालू असेपर्यंत दिवा हिरवा राहतो. थांबला की भोंगा वाजतो. सध्या तीस पट्ट्या रुग्णालयाच्या नवजात कक्षात वापरात आहेत. त्यांवर आपले शिक्के आहेत, आणि निष्कर्षांवर प्रभाव पडू नये म्हणून यंत्र बनवणाऱ्यांना कक्षात प्रवेश नाही. नियम योग्य आहे. त्याखाली माझीही सही आहे.

गेल्या आठवड्यात तेथील परिचारिकेने चार्जिंगविषयी विचारायला फोन केला आणि जाता जाता एक गंमत सांगितली. एका बाळाला वजनासाठी नेले होते. पट्टी सुटून आईच्या कपड्याला चिकटून राहिली होती. "मॅडम, बाळ तिकडे काट्यावर रडतंय आणि इकडे तुमचा दिवा हिरवागार. भारी समजूतदार आहे हो तुमची पट्टी, कुणाची तक्रारच करत नाही."

मला हसता आले नाही. आमच्या सर्व चाचण्या पंपाने पोट वरखाली होणारी बाहुली टेबलावर ठेवून झाल्या होत्या. टेबल श्वास घेत नाही. या कक्षात मात्र अशक्त बाळांना ऊब मिळावी म्हणून तासन्‌तास आईच्या छातीवर निजवतात. मी ती बाहुली स्वतःच्या छातीवर ठेवून पंप बंद केला. दिवा हिरवाच राहिला. मग मी माझा श्वास रोखून धरला. तेव्हा भोंगा वाजला.

हे मी त्याच दिवशी आपल्या कक्षास लेखी कळवले. आपल्या लिपिकांनी सौजन्याने समजावले की, अनुचित घटनेची नोंद झाल्यासच चाचणी थांबवता येते, आणि नोंद भोंग्यावरून होते. भोंगा तर एकदाही वाजलेला नाही. रुग्णालय म्हणते, शिक्के अनुदान कक्षाचे आहेत, तिकडेच विचारा. आम्हीच अनुदान नाकारले तर चाचणी थांबते, पण त्यास दोन्ही भागीदारांच्या सह्या लागतात. दुसरे भागीदार माझे दीर आहेत. ते म्हणाले, "वहिनी, पट्टी ओरडत नाही म्हणून आता तुम्ही ओरडताय." सही त्यांनी केली नाही.

परिचारिकेलाही मी सारे सांगितले. ती म्हणाली, "बघते जमेल तसं. पण तुमचे दिवे आल्यापासून पाळीला चौघींच्या दोघीच राहिलोय."

त्यानंतर आपले अभिनंदनपत्र आले. शून्य भोंगे हा उत्कृष्ट निकाल मानून येत्या सोमवारी आणखी दोनशे पट्ट्या इतर रुग्णालयांत देण्याचा आदेश त्यात आहे.

तरी विनंती की, सोमवारचा आदेश मागे घ्यावा, लावलेल्या पट्ट्या काढण्यासाठी मला कक्षात जाऊ द्यावे आणि परिचारिकांची संख्या पूर्ववत करण्यास रुग्णालयास कळवावे.

अनुचित घटना घडल्यास पुन्हा अर्ज करावा, असे मला सुचवण्यात आले आहे. ती घडेल तेव्हा बाळ छातीवर असेल, आईचा डोळा लागलेला असेल आणि दिवा हिरवा असेल. आपल्या नोंदीत त्या बाळाचा श्वास व्यवस्थित चालू असेल.

नवजात कक्षाच्या दाराबाहेर उत्तरासाठी थांबलेली,
आपली नम्र,
(सही)
संशोधिका व भागीदार
दिनांक: शुक्रवार, ९

सोबत:
१. बाहुलीवरील चाचणीचे चित्रीकरण.
२. अनुदान नाकारल्याचे पत्र (एका सहीची जागा रिकामी).