मधलं माणूस

३ मार्च
हायफाँगला परत आलो आणि जीव भांड्यात पडला. सायगॉनमध्ये सहा वर्षं नवरानवरींचे खोटे हसरे चेहरे टिपून वीट आला होता. आता आपलीच गल्ली, आपले लोक, आपल्या मनासारखे फोटो. आईने खेकड्याच्या रश्शातल्या तांबूस शेवया पुढे ठेवल्या आणि लगेच बजावलं, की तिघांचा फोटो काढायचा नाही, मधला मरतो. जसा काही मी परक्या मुलखात वाढलोय! दोघांचा काढतो किंवा चौघांचा, सगळेच तसं करतात.

५ मार्च
सकाळी कोपऱ्यावर थोआ मावशी आणि तिची बहीण उकडलेल्या गोगलगायी विकत बसल्या होत्या. मावशी सुईने मांस ओढून काढते, काळी शेपटी दातांनी तोडून थुंकते. लहानपणी मीही मिटक्या मारत खायचो, आज नको म्हटलं. दोघींचा फोटो घेतला. घरी येऊन पाहिला तर मावशीच्या पलीकडे तिसरा उभा. फुगून पांढराफटक पडलेला, ओठ झडलेले, जीभ गोगलगायीच्या मांसासारखी बाहेर लोंबणारी. मावशी मधे. तिथे दोघीच होत्या, शपथेवर सांगतो.

६ मार्च
थोआ मावशी गेली. टोपलीवरच कोसळली म्हणे. पूजेच्या चौरंगावर ठेवायला धड फोटोही नव्हता, ओळखपत्रावरचा चेहरा मोठा करून लावला. मी हात जोडले, अगरबत्ती लावली आणि कालचा फोटो सगळ्यांपासून लपवला. स्वतःची किळस आली.

९ मार्च
झाडाखालचा न्हावी लूक आणि त्याचं गिऱ्हाईक. दोघांचा फोटो मुद्दामच घेतला, खात्री करायला. तो तिसरा होताच. लूकच्या दुसऱ्या खांद्याला चिकटून, कातडी सोलून लोंबतेय. कॅमेऱ्याला कुजक्या कोळंबीचा वास येतोय. साबणाने हात धुतले. जात नाही.

१० मार्च
लूक गेला. मीच — खात्री करायला म्हणून. शी.
कॅमेरा पेटीत घातला, कुलूप लावलं.

१२ मार्च
आई हटून बसलीय. म्हणाली, "अरे खिएम, माझ्याही चौरंगावर ओळखपत्र लावणार का? धडधाकट आहे तोवर एक नीट फोटो काढून ठेव. फोटोवाल्याची आई ना मी?" नाही म्हटलं तर डोळ्यांत पाणी. उद्या बाजारातल्या दुसऱ्या फोटोवाल्याकडे जाईन म्हणते — तो तिला कुणाशेजारी बसवेल, काय भरवसा. त्यापेक्षा मीच काढतो. एकटीचा. तो पांढराफटक आला तरी दोघंच होतात, मधे कुणी नाही.

१३ मार्च
सकाळीच काढला. मखमली झगा, मोत्यांची माळ. समोर आई एकटी —
पाहिला.
डावीकडे तो.
उजवीकडे थोआ मावशी. ओठ झडलेले, जीभ —
आई मधे.
स्वयंपाकघरातून विचारतेय, कसा आलाय. छान आलाय म्हटलं. बघायला येतेय, हात पुसत — मी डिलीट करतोय, होत नाहीये — वास — आई, तिथेच थांब, तिथेच — तिच्या दोन्ही बाजूंना ओले पाय उमटतायत —