सतरा नंबरच्या टाकीतली मूठभर दया

ती. आत्या,

तुला नमस्कार, आणि तो नेहमीसारखा वरवरचा समजू नकोस. लिहिता लिहिता मान खरोखरच खाली गेली आहे आणि अजून वर आलेली नाही. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा लावतेस, की त्याने अजून खिडकीचं दारच बांधून ठेवलं आहेस? काकांचा खोकला? तळ्यांचं कसं काय, असंही विचारायला हवं, पण ते मी मुद्दामच विचारत नाही. नव्या पिल्लांसाठी तिन्ही तळी उपसून, चुना मारून पुन्हा भरून ठेवलीस, हे तुझ्या मागच्या पत्रात वाचलं तेव्हापासून ते पत्र मी उशीखाली दडवून ठेवलं आहे. मी बरा आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे तीन आठवडे जेवण जात नाही, दारावर टकटक झाली की मी आधी कपाटाकडे बघतो (आपण त्यात मावत नाही, हे बघून झालं आहे), आणि बायको म्हणते की झोपेत मी आकडे मोजतो. ती चुकते. मी मोजत नाही, एकच आकडा पुन्हा पुन्हा म्हणतो. सतरा.

तू चारचौघांत 'आमचा भाचा माशांचा डॉक्टर आहे' म्हणून सांगतेस, ते आधी थांबव. मी टाक्या घासतो, पाणी बदलतो, खाद्य टाकतो आणि मेलेले मासे मोजून वहीत लिहितो. डॉक्टर आहेत त्या आमच्या मोठ्या बाई, मत्स्य संशोधन केंद्राच्या प्रमुख. त्या कधी आवाज चढवत नाहीत. (चढवत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाचा अंदाज येतो, शांत माणसाचा येत नाही.) त्यांचं म्हणणं असं, की तळ्यातल्या माशांना आजवर आपण समुद्रातल्या छोट्या माशांचा भुगा खाऊ घालत आलो, आणि तो काही जन्मभर पुरायचा नाही. म्हणून त्यांनी सोयाबीन, वाटाणा आणि मका यांच्या गोळ्या करून घेतल्या. आता अडचण अशी, की त्या सगळ्या माशांना मानवत नाहीत. एका जोडप्याची पोरं त्या मिटक्या मारत खातात आणि अंग धरतात, दुसऱ्याची तोंडात घेऊन थुंकून टाकतात, तिसऱ्याची आतडी सुजतात. शिवाय माशांच्या भुग्यावर जे घराणं पहिलं येतं, ते या गोळ्यांवर पहिलं येईलच असं नाही. कित्येकदा शेवटचं येतं. हे सगळं आईबापांकडून रक्तात येतं. म्हणून चाळीस जोडपी, चाळीस टाक्या, एका टाकीत एकाच जोडप्याची पोरं, आणि सगळ्यांना तीच गोळी. ज्या घराण्याला ती मानवेल त्याचीच पुढे पैदास करायची, आणि ती पिल्लं तुझ्यासारख्या तळेवाल्यांना द्यायची. किती सरळ काम आहे बघ. यात घोटाळा करायला जागाच नव्हती. ती मी शोधून काढली.

सतरा नंबरच्या टाकीतले मासे थुंकणाऱ्यांपैकी होते. गोळी तोंडात घ्यायची, दोन क्षण विचार करायचा आणि माझ्याकडे बघत बाहेर टाकायची. (मासा माणसाकडे बघत नाही असं बाई म्हणतात. बाईंना खाद्य टाकावं लागत नाही.) महिन्याभरात त्यांची डोकी तेवढी मोठी आणि मागे नुसती शेपटी अशी दशा झाली. मला त्यांची दया आली. आत्या, तू मला ओळखतेस, मी लहानपणापासून हळवा. तुलनेसाठी वेगळ्या ठेवलेल्या चार टाक्यांना जुनं, माशांच्या भुग्याचं खाद्य जायचं, त्याचं पिंप माझ्याच ताब्यात होतं. दुपारी सगळे डबे खायला गेले की मी त्यातलं मूठभर काढायचो आणि सतरामध्ये टाकायचो. पहिल्या दिवशी पाणी असं उसळलं की माझा शर्ट भिजला आणि डोळेसुद्धा. चार-आठ दिवस द्यावं, जरा अंग धरलं की बंद करावं, असा विचार होता. पण ती पोरं दुपारी दीडच्या ठोक्याला काचेशी येऊन उभी राहायला लागली, आणि तसं कुणी उभं राहिलं की मला नाही म्हणता येत नाही. चार महिने चाललं हे.

मग वजनं झाली आणि सतरा नंबर चाळिसांत पहिला आला. मला वाटलं होतं तो मधे कुठेतरी, बाविसावा-तेविसावा येईल आणि गर्दीत मिसळून जाईल. बाईंनी ठरवलं की यांची आतडी आतून तपासायची. आता माशाचं पोट फाडलं की त्यात काल काय खाल्लं ते दिसणार, म्हणून मी घाबरून आदल्या दिवशी सतराला पूर्ण उपाशी ठेवलं. तर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, बघा, तपासणीआधी मासे उपाशी ठेवायचे असतात हे न सांगता कळणारा माणूस आपल्याकडे आहे. आतडी गुलाबी, निकोप निघाली. पाहुणे आले, टाकीशेजारी मला उभं करून फोटो काढला. तो आता बाईंच्या खोलीत भिंतीवर आहे. त्यात मी हसतो आहे असं लोकांना वाटतं. माझी दातखीळ बसली होती.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. चार वेळा गेलो. दोनदा दारातून परतलो. तिसऱ्यांदा आत पोचलो आणि बाईंकडे स्टूल मागून, ते घेऊन आलो. चौथ्यांदा मात्र सगळा धीर गोळा करून म्हणालो, बाई, सतरा नंबरचं श्रेय माशांचं नाही. त्या म्हणाल्या, खरं आहे, सांभाळणाऱ्या हातांचं आहे, आणि पुढच्या सभेत माझ्या विनयावर चार वाक्यं बोलल्या. त्यानंतर मी पुन्हा गेलो नाही. वर्ष गेलं. सतराचे मासे वयात आले, त्यांची पैदास झाली, आणि मी रोज स्वतःची समजूत घालत होतो की पिल्लं कुठेतरी लांब जातील, कुणा अनोळखी माणसाच्या तळ्यात, आणि तो अनोळखी माणूस बघून घेईल. (हे वाक्य मी तसंच ठेवतो. त्याची लाज वाटते, पण ते खरं आहे.) तीन आठवड्यांपूर्वी फळ्यावर यादी लागली. पहिल्या गाडीची पिल्लं घेणाऱ्यांत सगळ्यांत वर तुझं नाव. तीन तळी, पूर्ण हंगाम, फक्त नवं खाद्य.

त्या दिवशी पिल्लांच्या शेडमध्ये जाऊन आलो. तिथल्या माणसाने गोळ्या बारीक करून टाकल्या. पिल्लांनी त्या तोंडात घेतल्या, दोन क्षण विचार केला आणि थुंकल्या. अगदी बापासारखं, त्याच तऱ्हेने. तो माणूस म्हणाला, नवीन आहेत, शिकतील. शिकणार नाहीत, आत्या. हे शिकून येत नाही, हेच तर चाळीस टाक्या लावून बाई शोधत होत्या. तुझ्या तळ्यात ती हळूहळू वाळतील, काही मरतील, आणि तू पाण्याला दोष देशील, स्वतःला दोष देशील, गुडघा दुखत असताना दिवसातून चार वेळा बांधावर जाशील. गाडी पुढच्या गुरुवारी निघते. फोन केला असता, पण फोन उचलल्यावर तू जे 'काय रे?' म्हणतेस, त्या 'काय रे'पुढे मला पुढचं काही सुचत नाही. मला फार भीती वाटते आहे. बाईंची, नोकरीची, आणि सगळ्यांत जास्त तुझी.

काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझाच,
डॉक्टर नसलेला भाचा

ता. क. सोबत एक पाकीट आहे. त्यावर बाईंचा पत्ता लिहून तिकीट लावलं आहे. हे पत्र वाचून झालं की त्यात घालून तूच तिकडून टाक, आणि वर एक ओळ लिही, की भाच्याने कळवलं म्हणून पाठवते आहे, त्याला रागवू नका. माझ्याच्याने होत नाही. बाईंना लिहायला घेतलेली अकरा पत्रं 'आदरणीय' या शब्दावर संपली. खरं म्हणजे तुला एवढं लांबलचक लिहिलं ते यासाठीच.

ता. क. दुसरा. वर दया म्हणून जे लिहिलं आहे ते खोडायचं राहिलं. मी हळवा नाही. एका टाकीत पंचवीस मासे मेले की बाई टाकीवाल्याला बोलावतात आणि विचारतात, 'तुमच्याकडून काही राहिलं का?' सतरामध्ये तेवीस झाले होते. ती आणखी दोन मासे मरायची भीती होती, बाकी काही नाही. मागाहून कळलं, की बाई ते सगळ्यांनाच विचारतात, आणि 'नाही' म्हटलं की तेवढंच वहीत लिहून पुढे जातात. मासे मेले तर तीही माहितीच असते म्हणे. मला फक्त 'नाही' एवढा एक शब्द बोलायचा होता.

ता. क. तिसरा. हे खाद्याच्या तक्त्याच्या पाठीवर लिहितो आहे, कारण पत्र आत्ता माझ्याकडे नाही; परत मिळालं की त्यालाच जोडून पाठवतो. पाकिटाला लावायला डिंक शोधत होतो तेवढ्यात बाई खाद्याच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, एवढं मोठं पत्र कुणाला? मी ते त्यांच्या हातात दिलं. कसं दिलं ते विचारू नकोस, हात आपोआप पुढे गेला. उपड्या बादलीवर बसून त्यांनी सगळं वाचलं. हसायच्या जागा होत्या, पण त्या हसल्या नाहीत. मधे एकदा उठून गुरुवारची गाडी रद्द करायला फोन केला. तुझ्यासाठी निरोप आहे: तिन्ही तळ्यांत जुनीच पिल्लं सोड, जुन्याच खाद्यावर, नव्यांची वाट बघू नकोस. नोकरीचं त्या काही बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, रोज किती? मी म्हटलं, मूठभर. त्या म्हणाल्या, म्हणजे किती ग्रॅम? ते मी कधी मोजलंच नव्हतं. तेव्हा त्यांनी काटा पुढे ओढला, पिंपाचं झाकण काढलं आणि म्हणाल्या, दाखवा. तीन वेळा मूठ भरली. हात इतका कापतो आहे की अर्धं बाहेरच सांडतं, आणि तिन्ही वेळा आकडा निराळा आला. बाई म्हणाल्या, पाणी प्या, हात थांबू दे, मग पुन्हा मोजू. आम्ही दोघं थांबलो आहोत.